आधी जुनी पट्टी

"आजी, गोळ्यांची जुनी पट्टी आणली काय?" मी विचारलं.

"घरात ऱ्हायली गं पोरी," गौरव्वा म्हणाली. "तू दे नवी. माल उघड्यावर टाकून आलेय मी. शेजारणीला सांगून आलेय खरं, पर ती पडली बटाटेवाली. तिला मिरचीतलं काय कळतंय?"

बाजाराचा दिवस होता. नेसरीकर मेडिकलच्या काउंटरपुढे पंधरा-वीस माणसं उभी होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलीच गाडी सुटणार आहे. कुणाला खोकल्याचं औषध हवं होतं, कुणाला बाळाची पावडर. एक जण नुसता सुट्ट्यासाठी आला होता. आणि मी एकटी. दुकानाच्या मालकीणबाई, म्हणजे आमच्या वहिनी, डॉक्टर कडलगेंकडे सह्या आणायला गेल्या होत्या.

या सह्यांचं आधी सांगायला हवं. आमच्या तालुक्याच्या गावात तेव्हा, म्हणजे अठरा वर्षांपूर्वी, डॉक्टर ज्या कंपनीची गोळी लिहितील तीच माणसं घ्यायची. त्याच औषधाची, तेवढ्याच ताकदीची, पण नाव नसलेली जेनेरिक गोळी पाव किमतीला मिळते, हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते तिला 'हलकी गोळी' म्हणायचे. वहिनींनी पहिल्यांदा ती दुकानात ठेवली. पण डॉक्टरांनी एक लिहिलं आणि दुकानदाराने दुसरंच दिलं, असं चालत नाही. म्हणून वहिनी दर आठवड्याला चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन कडलगेंच्या दवाखान्यात जाऊन बसायच्या. "या पेशंटला याच्या जागी हे देऊ का?" असं एकेका नावाला विचारायच्या आणि सही घ्यायच्या. कडलगे डॉक्टर सही करायचे, पण तोंड वाकडं करून. "कोण ही कंपनी? नाव तरी ऐकलंय का कुणी? एक जरी गडबड झाली ना वहिनी, तर त्या दिवसापासून सही बंद," हे वाक्य ते प्रत्येक वेळी बोलायचे.

वहिनी पन्नाशीच्या. साध्या सुती साडीवर पांढरा कोट, चष्म्याला काळी दोरी. नेसरीकरांशी लग्न झाल्यावर त्यांनी औषधांचं शिक्षण घेतलं, आणि नेसरीकर गेल्यावर दुकान एकटीने चालवलं. नेसरीकरांच्या मित्रांची ती वहिनी, म्हणून सगळ्या गावाची वहिनी. ऐंशी वर्षांचे म्हातारेही त्यांना वहिनीच म्हणायचे.

तर या वहिनींचा एक नियम होता. ज्याची गोळी बदलायची, त्याने घरातली जुनी पट्टी आणून द्यायची. एखादी गोळी उरली असेल तरी आणायची. ती पट्टी काउंटरवरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायची, आणि मगच नवी हातात पडायची. पट्टी विसरला तर परत जायचं. लोक वैतागायचे. एका गुरुजींनी तर 'ही काय रद्दीवाली आहे का' असंही विचारलं होतं. मलाही तो नियम म्हणजे म्हातारपणाचा हेकेखोरपणा वाटायचा. मी तेव्हा एकवीस वर्षांची, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, नोकरीला तीन महिने झालेली. औषधांतलं मला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

गौरव्वाची गोष्ट वहिनींनीच उकरून काढली होती. गौरव्वा मगदूम, बाजारात सुक्या मिरचीचा ढीग लावून बसायची. साखरेचा त्रास वर्षभरापासून. डॉक्टरांनी रोज एक गुलाबी गोळी लिहून दिली होती. पण दहाची पट्टी तिला वीस दिवस पुरते, हे वहिनींच्या ध्यानात आलं. "दिवसाआड खातेस काय गं?" असं वहिनींनी विचारल्यावर ती नुसती हसली. म्हणजे खात होती. महागाची होती म्हणून. मग वहिनींनी डॉक्टरांकडून तिच्या नावाची सही आणली आणि तिला सांगून ठेवलं, "पुढच्या बाजारी जुनी पट्टी घेऊन ये, तुला परवडणारी देते."

ती आली, आणि पट्टी घरीच विसरली. घर कुठे, तर नदीपलीकडे तीन कोसांवर.

"पुढच्या बाजारी आणून दे," मी म्हणाले. मागून कुणीतरी ओरडत होतं. मी पांढऱ्या गोळ्यांची पट्टी पाकिटात घातली, पाकिटावर सूर्य काढला, म्हणजे सकाळी, आणि म्हणाले, "ही आता रोज घ्यायची. आधीची बंद. कळलं काय?"

"कळलं की," गौरव्वा म्हणाली. पाकीट कमरेच्या पिशवीत खोचलं आणि गर्दीतून वाट काढत गेलीसुद्धा.

मी वहिनींना काही सांगितलं नाही. विसरले, असं मी पुढे बरीच वर्षं म्हणत आले. विसरले नव्हते. बोलणी बसतील म्हणून गप्प बसले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बटाटेवाली धावत आली. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि तिला धाप लागली होती.

"वैनी, गौरव्वा कशीतरीच कराय लागलीया. बसल्या जागी झुकांड्या खातीया."

"घाम सुटलाय?"

"साडी चिंब झालीया. आनी कायबाय बोलतीया."

"सकाळी काही खाल्लं होतं तिनं?"

"कुटलं खातीया. पयल्या गाडीनं आलीया."

वहिनींनी एवढंच विचारलं. आत चहाच्या सामानातला साखरेचा डबा काढला, पाण्याची बाटली घेतली आणि मला म्हणाल्या, "शटर ओढ. औषध देणारं माणूस दुकानात नाही, तर दुकान बंद." गिऱ्हाईक उभं होतं, त्याला त्यांनी बाहेर काढलं. मग आम्ही दोघी त्यांच्या मोपेडवरून बाजाराच्या गर्दीत घुसलो. वहिनी रस्ता मागत नव्हत्या, सरळ घुसत होत्या. मागे बसून मी साखरेचा डबा पोटाशी धरला होता. गौरव्वाचं नाव ऐकल्यापासून मला ते सूर्य काढलेलं पाकीटच दिसत होतं.

मिरचीच्या लालभडक ढिगाला टेकून गौरव्वा बसली होती. चेहरा पांढराफटक, हात थरथरत होते. डोळे उघडे, पण ती आम्हाला ओळखत नव्हती. वहिनी वाकल्या तशी त्यांच्यापुढे मूठभर मिरच्या धरून म्हणाली, "पावशेर घे. झणका हाय. खोकत बसशील."

"घेते," वहिनी म्हणाल्या. "आधी हे पी."

"आधी भाव ठरव."

"तू म्हणशील तो. पी."

साखरेचं पाणी घोटघोट पाजायला दहा मिनिटं लागली. वहिनींनी तिची मान एका हाताने धरली होती, आणि प्रत्येक घोट गिळल्याशिवाय पुढचा देत नव्हत्या. बाजूला माणसं गोळा झाली. कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, असे सल्ले येत होते. वहिनींनी एकाकडेही पाहिलं नाही. हळूहळू गौरव्वाच्या तोंडावर रंग आला. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "माझा तराजू कुटाय?"

लोक हसले. एक जण म्हणाला, झालं, उतरलं. पण वहिनी उठल्या नाहीत.

"काही उतरलं नाही. ही गोळी दिवसभर अंगात राहते. तासाभरात साखर परत खाली जाईल. रिक्षा आणा. दवाखान्यात न्यायचंय."

कडलगेंच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिला पुन्हा घाम सुटला होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर पाजूनही बेचाळीस. सलाइनमधून ग्लुकोज सुरू झालं आणि आम्ही पलंगाशेजारी उभ्या राहिलो. डॉक्टरांनी हात धुतले, टॉवेलला पुसले, टॉवेल नीट घडी घालून ठेवला. मग म्हणाले, "कोणती गोळी चालू आहे हिला?"

"तुम्ही दोन आठवड्यांपूर्वी सही केलेली," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे तुमची ती हलकी."

"तीच."

"मी काय सांगत होतो वहिनी तुम्हाला? नाव नाही, गाव नाही. आत काय भरलंय देवाला माहीत. एका गोळीत खडू, दुसरीत दुप्पट औषध. वर्षभर माझ्या गोळीवर होती ही बाई, कधी काही झालं? आणि तुमची सुरू होऊन आठ दिवस झाले नाहीत."

तेवढ्यात गौरव्वाचा मुलगा आला. बाळगोंडा. उसाच्या फडातून तसाच आलेला, हाताला चिखल. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य त्याने दारातून ऐकलं होतं.

"वैनी, माझ्या आईला काय दिलासा तुमी?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने, पण तो इतक्या जवळ येऊन उभा राहिला की मी मागे सरकले. "गरीब हाय म्हणून कायबी खपवतासा?"

आता खरं सांगते. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते असं, की देवा, गोळी खोटी निघू दे. गोळी खोटी निघाली तर दोष कंपनीचा. मग जुनी पट्टी कुणी घेतली नाही, हे कोण विचारत बसणार? ज्या गोळीसाठी वहिनी दर आठवड्याला दवाखान्याच्या बाकावर तासतासभर बसायच्या, ती गोळी खोटी ठरावी म्हणून मी तिथे उभी राहून मनातल्या मनात हात जोडत होते. अठरा वर्षांत याची लाज कमी झालेली नाही.

"बाळगोंडा," वहिनी म्हणाल्या, "घरी आईची गोळ्यांची डबी असेल. तू मोटारसायकलवर आलायस ना? ती आहे तशी घेऊन ये. त्यातलं काही काढू नको, त्यात काही घालू नको. ती बघू, मग मला काय बोलायचं ते बोल."

तो तणतणत गेला. जाऊन यायला त्याला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात गौरव्वाची साखर शंभरावर आली आणि तिला झोप लागली. वहिनी तिच्या उशाशी स्टुलावर बसून राहिल्या. मी सलाइनचे थेंब मोजत उभी राहिले.

डबी आली. सुपारी ठेवायची स्टीलची गोल डबी. वहिनींनी ती पलंगाच्या कडेवर सगळ्यांसमोर उघडली. आत दोन पट्ट्या होत्या. पांढऱ्या गोळ्यांची, माझ्या हातची. आणि गुलाबी गोळ्यांची, जुनी. दोन्ही चालू होत्या. नवीतल्या सात गोळ्या गेल्या होत्या. जुनीत एकच उरली होती.

वहिनींनी दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी ठेवल्या आणि रिकामे कप्पे मोजले. मग चष्मा काढला.

"डॉक्टर, हिनं दोन्ही घेतल्यात. आठवडाभर, रोज, बरोबरच. दोन मिलिग्रॅमची ही आणि दोन मिलिग्रॅमची ती. त्याआधी तर ती दिवसाआडच खात होती. म्हणजे जिथं एक जात होती तिथं चार गेल्या. आणि आज उपाशी."

डॉक्टरांनी पट्ट्या उचलून उजेडात धरल्या. त्यांना ते पटलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि पटल्याचा त्रास झाला हेही दिसलं.

"म्हणजे देणाऱ्याची चूक," ते म्हणाले.

"हो. चूक दुकानाची. नवी देताना जुनी काढून घ्यायला हवी होती. मी घेतली नाही."

"तुम्ही? गेल्या बाजारी सकाळभर तर तुम्ही इथं माझ्यासमोर बसला होतात."

"दुकान माझं आहे," वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्यांनी पाहिलं असतं, तर कदाचित मी खाली मान घालून गप्प बसले असते. त्यांनी पाहिलं नाही, म्हणून मला राहवेना.

"मी दिली," मी म्हणाले. "वहिनींनी शंभरदा सांगितलं होतं, पट्टीशिवाय द्यायची नाही म्हणून. गर्दी होती. मी दिली. आणि नंतर सांगितलंही नाही."

बाळगोंडा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा हात उगारणार. त्याने फक्त डबीचं झाकण घट्ट लावलं. डॉक्टर खुर्चीत बसले.

"झालं तर मग. वहिनी, मी तुम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. यापुढे एकाही चिठ्ठीवर सही होणार नाही. ज्यांच्या केल्या, त्याही रद्द. सगळ्यांना मी लिहिलेली गोळी परत सुरू करा."

चाळीसएक माणसं होती ती. साखरेची, रक्तदाबाची, दम्याची. त्यांतल्या निम्म्यांना मी चेहऱ्याने ओळखत होते. गौरव्वासारखी दिवसाआड खाणारी, महिन्यातून पंधरा दिवस खाणारी, बरं वाटलं की सोडून देणारी. वहिनींनी एकेकाला हुडकून, समजावून रोजच्या गोळीवर आणलं होतं. ते सगळं माझ्या एका पाकिटामुळे वाया चाललं होतं.

वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"सही नका करू. माझ्या दुकानाचं नाव घेऊन तक्रार करा, मी कबूल करते. पण डॉक्टर, गोळी खोटी होती असं मात्र म्हणू नका. तुम्ही मघाशी इथं जे बोललात ते बाजारात पोचायला अर्धा तास लागणार नाही. तुम्ही म्हणालात की लोक पांढरी टाकून देतील. गुलाबी परवडणार नाही. मग काहीच खाणार नाहीत. माणूस चुकलं म्हणा. गोळी चुकली म्हणू नका."

"गोळी चांगली होती याचा तरी काय पुरावा आहे तुमच्याकडे?"

वहिनींकडे कंपनीचे कागद होते, तपासणीचे आकडे होते, पण ते डॉक्टरांनी शंभर वेळा बघून बाजूला सारले होते.

"कशाला भांडतासा गं सगळी?"

गौरव्वा जागी झाली होती. कधीपासून ऐकत होती कुणास ठाऊक. एका हाताला सलाइन होतं, दुसऱ्या हाताने ती उठून बसायला बघत होती.

"आजी, दोन्ही गोळ्या का खाल्लीस?" डॉक्टरांनी विचारलं. "या मुलीनं सांगितलं नव्हतं का, आधीची बंद कर म्हणून?"

"सांगिटलं की. पोरीनं चांगलं सांगिटलं हुतं. तिला कशाला बोलतासा?"

"मग?"

"आता तुमास्नी मिरचीतलं कळत न्हाई, म्हणून सांगते. गिऱ्हाईक हलका माल मागतंय. परवडत न्हाई त्याला. मग आमी काय करतो? नुसता हलका देत न्हाई. रंगाला हलकी घ्याची, झणक्याला थोडी भारीतली घालाची. मिसळली म्हंजे चटणी बरी हुतीया." ती दम घ्यायला थांबली. "वैनींनी हलकी दिली. म्हटलं ही हलकी, हिच्यात दम कमी असणार. घरात भारीतली पडलीया. रोज हलकीच्या जोडीला एक भारी. वाया बी जायची न्हाई आनी हलकीला जोर बी यील."

मी कॉलेजात औषधांच्या चुकांवर अख्खा धडा पाठ केला होता. त्यात ही चूक नव्हती.

"आजी, तू दिवसाआड गोळी खात होतीस, हे मला का नाही सांगितलंस?" डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता.

"तुमी इचारलासा कुटं?"

गौरव्वाने मुलाकडून डबी मागून घेतली, झाकण उघडलं, पांढरी पट्टी काढून हातात धरली आणि माल पारखतात तशी उलटीपालटी करून पाहिली.

"डाक्टर, ही पांढरी खडू हाय म्हणालासा न्हवं मगाशी?"

"ते मी..."

"न्हाई, म्हणालासा. मी झोपले न्हवते. आता मला सांगा. गुलाबी एकटी खात हुते तवर मी कदी पडले न्हाई. हिच्यासंगं खाल्ली आनी पडले. खडू खाऊन कोण पडतंय हो? खडू असती तर मी आज तराजू धरून बसले असते." ती वहिनींकडे वळली. "वैनी, हलकी न्हवं ही. हिच्यात बी तेवडाच झणका हाय. भाव तेवडा हलका हाय. व्हय न्हवं?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या.

"मग डाक्टर, मला हीच लिवून द्या. पर एकच. दोन खाऊन बगितलं मी."

बाळगोंडा हसला. आधी तोच हसला. मग डॉक्टरांनी डोक्याला हात लावला आणि तेही हसले. कडलगे हेकट होते, पण बेइमान नव्हते. त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं. आता अर्धीच गोळी, तीही पोटभर खाऊन, दर आठवड्याला रक्त तपासून. खाली औषधाचं नाव लिहिलं. कंपनीचं नाही, औषधाचं. मी त्यांच्या हातचं तसलं अक्षर पहिल्यांदाच पाहत होते. कागद वहिनींच्या हातात देताना म्हणाले, "उद्या दुपारी या. चिठ्ठ्या आणा बरोबर."

आम्ही दोघी बाहेर आलो. मोपेडला किल्ली लावून वहिनी तशाच उभ्या राहिल्या.

"वहिनी, मी उद्यापासून येत नाही," मी म्हणाले. "मला ठेवू नका तुम्ही. मी गोळी खोटी निघावी म्हणून देवाला सांगत होते."

"मलाही वाटलं तसं क्षणभर," त्या म्हणाल्या.

त्यांनी किल्लीवरचा हात काढला.

"तुला काय वाटलं, मी आत खोटं बोलले? तुला वाचवायला? तसलं काही नव्हतं ते. तीन महिने तुला सांगतेय, आधी जुनी पट्टी. का, ते एकदा तरी सांगितलं का?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं सांगितलं.

"ज्याला अक्षर वाचता येत नाही तो रंगावरून ओळखतो. पांढरी ती एक गोळी, गुलाबी ती दुसरी गोळी. दोन्ही एकच आहेत हे त्याला कुणी सांगायचं? जुनी घरात राहिली की तो दोन्ही खाणार, आज नाही तर महिन्यानं. हे मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे. आणि मी नुसता नियम लावून बसले. तुला सांगितलं नाही, गौरव्वाला सांगितलं नाही. डबा वाजवायचा आणि पट्ट्या टाकायच्या. हुकूम सोडला की काम झालं, असं मला वाटत आलं. तू एकटीच नाही चुकलीस."

त्या गाडीवर बसल्या. "उद्या नऊला ये. शटर तू उघड, मला यायला उशीर होईल."

एवढं बोलून त्या गेल्या, मला मागे बसवायचं विसरून. मी बाजारातून चालत घरी आले आणि घरी येईपर्यंत रडत होते. असं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही फार पाहिली नाहीत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी काउंटरवर जरा मागेच उभी होते. गावात गोष्ट पसरली होती. गिऱ्हाईक मला टाळून वहिनींच्या पुढ्यात जात होतं आणि मला ते बरंच वाटत होतं. पट्टी आणणाऱ्या प्रत्येकाला वहिनी आता डबा उघडून दाखवायच्या आणि दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बोलायच्या. त्याला वेळ लागायचा. रांग वाढायची.

अकराच्या सुमाराला गौरव्वा आली. एकटी नव्हती. मागे बटाटेवाली होती, लसूणवाली होती, बांगड्यांची म्हातारी होती, अशा सात-आठ जणी. प्रत्येकीच्या हातात एक-एक जुनी पट्टी. कुणाच्या पदराला बांधलेली, कुणाच्या पानसुपारीच्या पिशवीत. सगळ्या बाजारातून तिने त्या गोळा करून आणल्या होत्या. बटाटेवालीची तर नुसती रिकामी पट्टी होती, पण ती म्हणाली, आणाय सांगिटली म्हणून आणली.

वहिनी पुढे झाल्या. गौरव्वाने हाताने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

"वैनी, तुमी सरका. आमी ह्या पोरीकडनं घेणार."

"अगं, हिनंच तर तुला पाडलीया," बटाटेवाली म्हणाली. मोठ्याने म्हणाली, सगळ्या दुकानाने ऐकलं.

"म्हणूनच," गौरव्वा म्हणाली. "मी पयल्या बाजाराला बसले तवा मिरचीचा हात डोळ्याला लावला हुता. दोन दिस काय दिसलं न्हाई. त्याला चाळीस वरसं झाली. अजून हात धुतल्याबिगर मी डोळा चोळलेला न्हाई. ही पोर बी आता तसलीच. हिच्या हातनं परत चूक हुयाची न्हाई."

मला पुढे यायला जमेना. माझे डोळे भरले होते आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं. तेव्हा वहिनींनी तो बिस्किटांचा डबा, जो वीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताशी असायचा, उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. स्वतः मागे जाऊन कपाट लावायला लागल्या.

तो डबा आता माझ्या दुकानात आहे. वहिनींनीच दिला, मी माझं दुकान सुरू केलं तेव्हा. त्याचं झाकण पहिल्यापासून नीट बसत नाही.

मी डोळे पुसले, झाकण काढलं आणि बटाटेवालीला म्हणाले, "मावशी, जुनी पट्टी द्या."

"आनी कशाला पायजे," मागून गौरव्वा म्हणाली, "ते बी सांग तिला."

मी सांगायला सुरुवात केली.